ओला टॉवेल, तीन भाषा आणि विज्ञानाचा तास

पत्र

मी सोलापूरच्या पूर्व भागातील एका शाळेत सहावी आणि सातवीच्या सेमी इंग्रजी तुकड्यांना विज्ञान व गणित शिकवते. माझ्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या घरी कन्नड आणि उरलेल्यांच्या घरी मराठी. पाठ्यपुस्तक मात्र इंग्रजी. गेल्या आठवड्यात बाष्पीभवनाचा धडा घेतला. व्याख्या विचारल्यावर सगळ्या वर्गाने एका सुरात इंग्रजीतून अचूक म्हणून दाखवली. मग मी इंग्रजीतूनच विचारले की, घडी करून ठेवलेल्या ओल्या टॉवेलपेक्षा पसरलेला टॉवेल लवकर का वाळतो. वर्गात शांतता पसरली. तोच प्रश्न मराठीत विचारल्यावर एक मुलगी शेजारणीच्या कानात तेलुगूत काहीतरी बोलली आणि शेजारणीने उभे राहून सांगितले, "बाई, ती म्हणतेय की पसरल्यावर वारं सगळीकडून लागतंय."

मुख्याध्यापकांची सक्त सूचना आहे की, सेमीच्या तासाला मराठीचा एकही शब्द येऊ नये. पालकही तेच म्हणतात. माझे स्वतःचे शिक्षण दहावीपर्यंत मराठीतून झाले आहे. मी मराठीत समजावले की फसवणूक केल्यासारखे वाटते आणि इंग्रजीत समजावले की मुलांचे चेहरे कोरे दिसतात. पेपर तपासताना तर कळतच नाही की मुलाला विज्ञान येत नाही की इंग्रजी. मी काय करावे?

उत्तर

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा त्या मुलीच्या वाक्यापाशी थांबलो. "पसरल्यावर वारं सगळीकडून लागतंय" या वाक्यात बाष्पीभवनावर परिणाम करणारे दोन घटक आहेत. पृष्ठभागाचे क्षेत्रफळ वाढले की बाष्पीभवन वाढते, हा एक. आणि वाहता वारा पृष्ठभागाजवळची बाष्पयुक्त हवा दूर नेतो, हा दुसरा. पुस्तकातल्या परिच्छेदाचा जो गाभा आहे तो या मुलीने घरातल्या दोरीवरचे टॉवेल पाहून स्वतः शोधलेला आहे. तिला विज्ञान येते. तिच्या विज्ञानाला पुस्तकाच्या भाषेपर्यंत जायला वाट नाही आणि ती वाट बांधणे हे तुमच्या विषयाचेच काम आहे, इंग्रजीच्या शिक्षकाचे नव्हे, हे मला आज तुम्हाला सांगायचे आहे. बाकी जे लिहितो आहे ते याच्याच तपशिलासाठी.

आधी त्या फसवणुकीच्या भावनेविषयी बोलू. मराठीत समजावताना तुम्ही कोणाचीही फसवणूक करत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 29 मध्येच म्हटले आहे की, शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तिथवर बालकाची मातृभाषा असावे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात निदान पाचवीपर्यंत, आणि शक्यतो आठवीपर्यंत व त्यापुढेही, घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम असावी असे म्हटले आहे, आणि जिथे पुस्तकाची भाषा व घरची भाषा वेगळी असेल तिथे शिक्षकाने दोन्ही भाषांचा वापर करावा असेही त्यात सुचवले आहे. तुमच्या सहावी-सातवीच्या तासाला मराठी आली तर ती नियम मोडून आलेली नाही, एवढे मनाशी पक्के धरा.

पण पालकांची इच्छाही मी हलकी मानत नाही. यंत्रमागावर किंवा विड्या वळून दिवस काढणाऱ्या आईवडिलांनी मुलाला सेमीला घातले, ते पुढच्या वाटेचा विचार करून. अकरावी विज्ञानात गेल्यावर सगळे एकदम इंग्रजीत येते आणि तिथे मराठी माध्यमाची हुशार मुले कशी गळतात हे मी जवळून पाहिले आहे. मी स्वतः त्यातून गेलो आहे. त्वरण म्हणजे काय हे मला नववीपासून नीट येत होते, उदाहरणे सोडवता येत होती. पण महाविद्यालयात गेल्यावर फळ्यावर 'ॲक्सेलरेशन' आले आणि ते आपले त्वरणच आहे हे कळायला मला दोन आठवडे लागले. ते दोन आठवडे मी मागच्या बाकावर मान खाली घालून बसलो होतो. शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी एकदा जरी तो मराठी शब्द उच्चारला असता, तरी माझी मान वर झाली असती. म्हणून इंग्रजी नको असे मी तुम्हाला सांगणार नाही. मुलांना इंग्रजी शब्द मिळालेच पाहिजेत. प्रश्न एवढाच आहे की, तासाच्या कोणत्या टप्प्यावर ते मिळावेत.

तुमच्या वर्गात नेमके काय घडते आहे ते समजून घेण्यासाठी एक भेद उपयोगी पडेल. कॅनडात स्थलांतरित कुटुंबांतील मुलांचा अभ्यास करणारे जिम कमिन्स यांनी 1979 मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. त्यांना असे दिसले की, नव्या भाषेत खेळणे, भांडणे, गप्पा मारणे मुलांना साधारण दोन वर्षांत जमते. पण त्याच भाषेत धडा वाचून कारणमीमांसा लिहिणे, तुलना करणे, निष्कर्ष काढणे यासाठी पाच ते सात वर्षे लागतात. आता यात आपल्यासाठी एक महत्त्वाची गोष्ट अशी की, ती मुले इंग्रजीच्या समुद्रात राहत होती. त्यांच्या रस्त्यावर, दुकानात, मैदानावर इंग्रजी होते. अशोक चौकातून शाळेत येणाऱ्या तुमच्या मुलाच्या कानावर तेलुगू, मराठी, थोडे कन्नड आणि बरेच हिंदी पडते; इंग्रजी पडते ते फक्त तुमच्या आणि इंग्रजीच्या तासाला. म्हणजे पाच ते सात वर्षांचा हिशेबही आपल्याकडे अपुराच पडायचा. "मे आय कम इन टीचर" हे मुलगा झोकात म्हणतो, त्यामुळे पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही वाटते की याला इंग्रजी आले. ते बोलण्याचे इंग्रजी आहे, तेही चार वाक्यांचे. बाष्पीभवनाच्या धड्याचे इंग्रजी त्याहून फार वेगळे आहे, आणि ते आपोआप येत नाही, शिकवावे लागते.

त्या धड्याच्या भाषेत सर्वांत अवघड काय असते, याविषयी आपण शिक्षक बहुधा चुकीचा अंदाज करतो. आपल्याला वाटते की, 'फोटोसिंथेसिस'सारखे लांब शब्द मुलांना छळतात. वास्तविक ते शब्द निरुपद्रवी आहेत, कारण ते अवघड आहेत हे आपल्याला ठाऊक असते. आपण ते फळ्यावर लिहितो, फोडून सांगतो, दहा वेळा म्हणून घेतो. धोका असतो तो ओळखीच्या चेहऱ्याने येणाऱ्या शब्दांत. 'व्हॉल्यूम' हा शब्द तुमच्या वर्गातील प्रत्येक मुलाला येतो, तो टीव्हीच्या आवाजासाठी. पाण्याचा 'व्हॉल्यूम' काढा म्हटल्यावर एखादे मूल पाण्याचा आवाज ऐकू लागले तर त्यात त्याचा दोष नाही. 'सोल्यूशन' गणितात उकल असते, रसायनात द्रावण असते आणि बोलण्यात उपाय असतो. 'टेबल' हे लाकडी असते, माहितीचा तक्ता असते आणि पाढाही असते. 'वर्क'चे तर विचारू नका. सोलापूर स्टेशनवर डोक्यावर बोजा घेऊन गाडीची वाट पाहत निश्चल उभा असलेला हमाल घामाने भिजलेला असतो आणि आपले पुस्तक सांगते की, विस्थापन नाही म्हणून त्याने बोज्यावर केलेले कार्य शून्य. हे वाक्य कोणत्याही भाषेत पहिल्यांदा ऐकताना मुलाने त्यावर भांडलेच पाहिजे. ते भांडण परक्या भाषेत होत नाही. मूल मुकाट्याने व्याख्या पाठ करते आणि पुढे जाते.

दुसरा धोका जोडशब्दांचा. 'देअरफोर', 'व्हेअरॲज', 'अनलेस', 'रिस्पेक्टिव्हली' हे शब्द विज्ञानाचे नाहीत म्हणून विज्ञानाचा शिक्षक ते शिकवत नाही, आणि इंग्रजीच्या पुस्तकात ते वेगळ्या संदर्भात येतात म्हणून तिथेही ते राहून जातात. पण धड्यातला सगळा तर्क यांच्याच आधाराने उभा असतो. 'अनलेस' कळला नाही तर वाक्याचा अर्थ उलटा होतो. एखादा धडा घेऊन असे शब्द पेन्सिलने अधोरेखित करून पाहा. तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

गणिताविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे ही गोष्ट फार स्पष्ट दिसते आणि सोलापूरच्या मुलांच्या बाबतीत ती विशेष रंजक आहे. मराठीत आपण 45 ला पंचेचाळीस म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि चाळीस नंतर; लिहिताना मात्र चार आधी लिहितो. 59 ला एकोणसाठ म्हणतो, म्हणजे साठाला एक कमी. त्या शब्दात पन्नासही ऐकू येत नाही आणि नऊही ऐकू येत नाही. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले तेव्हा महाराष्ट्रात केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. त्या वादात शिरत नाही. पण त्यामागची अडचण खरी होती. आता तुमच्या वर्गातल्या तेलुगू मुलाकडे पाहा. त्याच्या घरी 45 म्हणजे 'नलभै ऐदु', चाळीस आणि मग पाच. कन्नड घरात 'नलवत्तैदु', तोच क्रम. 59 म्हणजे तेलुगूत 'याभै तोम्मिदि' आणि कन्नडमध्ये 'ऐवत्तोंबत्तु', पन्नास आणि नऊ. इंग्रजीचा क्रमही हाच. म्हणजे संख्यावाचनाच्या बाबतीत या मुलांची घरची भाषा इंग्रजीच्या अधिक जवळ आहे, आणि अंगणातली व बाजारातली मराठी त्यांना वाकड्या वाटेने नेते. ज्या मुलांना आपण भाषेमुळे मागे पडलेली समजतो त्यांच्याकडे इथे एक तयार पायरी आहे. तुम्ही वर्गात एकदा विचारा की, 59 ला घरी काय म्हणतात आणि त्या शब्दात कोणते दोन आकडे ऐकू येतात. मराठी मुलेही त्यातून दशक-एकक अधिक नीट शिकतील.

याउलट, बीजगणिताच्या शाब्दिक उदाहरणांत तिन्ही घरच्या भाषा एका बाजूला आणि इंग्रजी दुसऱ्या बाजूला अशी स्थिती असते. आपण म्हणतो, 'एक्सपेक्षा 5 ने कमी'. एक्स आधी, 5 नंतर; लिहायचेही एक्स वजा 5. तेलुगूत 'एक्स कंटे ऐदु तक्कुव', कन्नडमध्ये 'एक्सगिंत ऐदु कडिमे', क्रम तोच. इंग्रजीत मात्र 'फाइव्ह लेस दॅन एक्स', आणि मूल ऐकलेल्या क्रमाने लिहिते, 5 वजा एक्स. आपण लाल शाईने फुली मारतो आणि मनात म्हणतो की, याला बीजगणित येत नाही. त्याला बीजगणित येते. त्याने इंग्रजी वाक्य डावीकडून उजवीकडे प्रामाणिकपणे उतरवले आहे. अशा वाक्यांवर एक पूर्ण तास द्या. इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचा, मुलांना ते आपल्या भाषेत सांगायला लावा, कोणता शब्द कुठे सरकला ते खडूने बाण काढून दाखवा आणि मगच चिन्हांत लिहा. 'सब्ट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम एक्स' आणि 'डिव्हाइड' असलेली वाक्येही याच रीतीने घ्या. अभ्यासक्रमात या तासाला जागा नाही हे मला ठाऊक आहे, पण तो घेतला नाही तर पुढे वर्षभर तुम्ही त्याच फुल्या मारत राहाल.

आता तासाची रचना. इथे तुमच्या मुख्याध्यापकांच्या म्हणण्यातला एक अंश मी मान्य करतो. इंग्रजीतले वाक्य वाचायचे, लगेच त्याचे मराठी सांगायचे, पुढचे वाक्य वाचायचे, पुन्हा मराठी सांगायचे, ही आपल्या सेमीच्या वर्गांत सर्रास चालणारी रीत मला घातक वाटते. मुले चार दिवसांत ओळखतात की मराठी मागून येणारच आहे, आणि मग इंग्रजी वाक्य चालू असताना त्यांचे कान बंद होतात. अशा तासात इंग्रजी नुसता आवाज होऊन राहते आणि मराठीतही फक्त भाषांतर कानावर पडते, विचार होत नाही. दोन्ही भाषांचे नुकसान होते. भाषा मिसळू नका असे मी म्हणत नाही. कोणत्या कामाला कोणती भाषा हे तासाआधी ठरवा, एवढेच म्हणतो.

तोच टॉवेलचा धडा घेऊ. दोन सारखे रुमाल भिजवा, एक घडी करून ठेवा, दुसरा खिडकीच्या गजावर पसरा. मुलांना गटात बसवा आणि काय होईल व का होईल ते ज्या भाषेत बोलायचे त्या भाषेत बोलू द्या. तेलुगूत बोलली तर बोलू द्या. तुम्हाला कळले नाही तरी चालेल, गटाने शेवटी मराठीत सांगितले की पुरे. आपल्याकडे उन्हाळ्यात टॉवेल तासाभरात वाळतो आणि श्रावणात दिवसभर ओलसर राहतो, हे त्यांना विचारा. तापमान आणि हवेतील आर्द्रता हे उरलेले दोन घटक मुलेच काढतील. घरी कडक भाकरी वाळवून महिनाभर टिकवतात ती का टिकते, इथपर्यंत गोष्ट जाईल. जाऊ द्या. या सगळ्यात पंधरा-वीस मिनिटे जातील आणि तोवर एकही इंग्रजी संज्ञा आलेली नसेल.

त्यानंतर इंग्रजी आणा, पण मोजके. पाच-सहा शब्द, फळ्याच्या एका कोपऱ्यात, तास संपेपर्यंत न पुसता. त्याखाली वाक्याचा सांगाडा लिहा: 'द टॉवेल ड्राइज फास्टर बिकॉज' आणि पुढे रिकामी जागा. 'इफ द सरफेस एरिया इन्क्रीजेस' आणि पुढे रिकामी जागा. मुलांनी ती जागा आधी तोंडी भरायची, शेजाऱ्याला सांगायची आणि मग वहीत लिहायची. इमारत बांधताना गवंडी परांची बांधतात आणि काम झाले की सोडतात, तसे हे सांगाडे आहेत. शिकण्यातल्या मदतीसाठी हीच प्रतिमा वुड, ब्रूनर आणि रॉस या अभ्यासकांनी 1976 मध्ये वापरली होती. दिवाळीपर्यंत अर्धे वाक्य द्या, नंतर फक्त पहिला शब्द द्या, वार्षिक परीक्षेच्या आधी काहीच देऊ नका. वेल्समध्ये, जिथे वेल्श आणि इंग्रजी शेजारी शेजारी नांदतात, केन विल्यम्स यांनी 1994 मध्ये अशी वर्गरीत मांडली की, एका भाषेत वाचायचे-ऐकायचे आणि दुसरीत बोलायचे-लिहायचे. त्याचे कारण साधे होते. समजल्याशिवाय एका भाषेतले दुसऱ्या भाषेत मांडता येत नाही. तसेच्या तसे उतरवून काढणे मात्र न समजताही जमते. तुमचा वर्ग ज्या एका सुरात व्याख्या म्हणतो ते उतरवून काढणेच आहे.

मुलांकडून एक शब्दवही करून घ्या. एका रकान्यात इंग्रजी शब्द, त्याखाली देवनागरीत उच्चार. दुसऱ्या रकान्यात मराठी संज्ञा. तिसऱ्यात घरचा शब्द, तेलुगू असो, कन्नड असो, उर्दू असो, आणि तो मुलाने घरून विचारून आणायचा. मराठी संज्ञेचा रकाना गाळू नका, कारण आपल्या पुष्कळ संज्ञा स्वतःचा अर्थ स्वतः सांगतात. 'समद्विभुज' शब्दात सम, दोन आणि भुजा तिन्ही ऐकू येतात. 'आयसोसेलीस'मधून आपल्या मुलाला काहीच ऐकू येत नाही. आधी समद्विभुज समजला की आयसोसेलीस हे त्याचे दुसरे नाव म्हणून लक्षात राहते. तिसऱ्या रकान्यासाठी तुम्हाला तेलुगू यायला हवे असे नाही. बालभारती मराठीखेरीज कन्नड, तेलुगू, उर्दू अशा माध्यमांचीही पुस्तके काढते आणि धडे तेच असतात. त्याच इयत्तेचे तेलुगू पुस्तक वर्गात एक ठेवले तर ज्यांना ती लिपी वाचता येते ती मुले तुम्हाला शब्द शोधून देतील. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड माध्यमांच्या शाळा आहेत. तिथल्या विज्ञानाच्या शिक्षकाशी तासभर बोलणे झाले तर अधिकच चांगले.

एक सावधगिरी मात्र बाळगा. जी मुलगी शेजारणीचे तेलुगू मराठीत सांगते तिला वर्गाची कायमची दुभाषी करू नका. ती स्वतः शिकायला आली आहे. शिवाय जिचे बोलणे नेहमी दुसरीच सांगते ती मुलगी हळूहळू स्वतः बोलायची थांबते. तुमच्या पत्रातल्या त्या कुजबुजणाऱ्या मुलीची मला यासाठीच काळजी वाटली.

पेपर तपासण्याविषयी तुम्ही जे लिहिले आहे त्याचे उत्तर असे की, एकाच गुणात दोन गोष्टी मोजू नका. घटक चाचणीत आणि तोंडी कामात कल्पनेला वेगळे गुण द्या व भाषेला वेगळे. 'वॉटर इज एव्हापोरेट फास्ट बिकॉज बिग सरफेस' हे वाक्य व्याकरणाने मोडके असले तरी विज्ञानाने पूर्ण बरोबर आहे. तिथे कल्पनेचे सगळे गुण द्या आणि समासात शुद्ध वाक्य लिहून द्या, फुली नको. आकृती काढून नावे दिली तर तेही उत्तर माना. सहावीत निम्मी उत्तरे मराठीत चालतील असे ठरवा, सातवीच्या अखेरीस एखादेच. दहावीच्या परीक्षेत सेमीच्या मुलाला विज्ञानाचे 40 गुणांचे दोन्ही लेखी पेपर इंग्रजीतूनच लिहायचे असतात, त्यामुळे ही सवलत कधी आणि कशी आखडती घ्यायची याचे वेळापत्रक तुमच्या मनात असलेच पाहिजे. नाहीतर आजची दया मुलांना दहावीत महागात पडेल. प्रश्नांची क्रियापदेही शिकवा: 'स्टेट', 'एक्स्प्लेन', 'डिस्टिंग्विश', 'गिव्ह सायंटिफिक रीझन्स' यांत नेमके काय मागितले आहे हे कळले नाही तर आलेले उत्तरही भलत्या जागी लिहिले जाते.

तुमच्या स्वतःच्या इंग्रजीची भीती पत्राच्या एका ओळीत आली आहे, पण तीच तुम्हाला सर्वांत जास्त थकवत असावी असे मला वाटते. तासाला अस्खलित भाषण लागत नाही. त्या दिवशी वर्गात बोलायची दहा-बारा इंग्रजी वाक्ये आदल्या रात्री लिहून काढा, मोठ्याने दोनदा वाचा आणि वर्गात तीच बोला. छोटी, पूर्ण, स्पष्ट वाक्ये. वर्षभरात ती शेकड्यांनी जमा होतील आणि पुढच्या वर्षी तीच कामाला येतील. उच्चार अडला तर मुलांसमोर शब्दकोश उघडा; बाईसुद्धा शोधून पाहतात, हे त्यांना दिसू द्या.

मुख्याध्यापकांशी धोरणावर वाद घालण्यापेक्षा त्यांना एक तास पाहायला बोलवा, तोही शेवटची पंधरा मिनिटे. मुले आपल्या तोंडाने इंग्रजीत कारण सांगताना दिसली की, आधीच्या वीस मिनिटांत कोणती भाषा होती हा प्रश्न आपोआप मागे पडतो. पालकसभेत मात्र एक गोष्ट स्पष्टपणे सांगा. "घरी मुलाशी इंग्रजीत बोला" असा सल्ला अनेक शाळा देतात आणि ज्यांना इंग्रजी येत नाही अशा आईवडिलांना त्याने उगाच कमीपणा येतो. शिवाय त्या सल्ल्याने मुलाला घरी मिळणारे समृद्ध बोलणे तुटते. कमिन्स यांचेच दुसरे म्हणणे असे आहे की, एका भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेत सोबत येते, पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागत नाही. आईला हजार विड्यांमागे मिळणाऱ्या मजुरीचा हिशेब मुलाने तिच्याबरोबर तेलुगूत केला तर ते गुणोत्तर आणि प्रमाणच आहे. वडिलांनी माग चालवताना धोटा का अडकतो आणि यंत्राला तेल का घालतात ते समजावले तर ते घर्षण आहे. काही दिवसांआड नळाला पाणी आल्यावर टाकी किती भरली हे लांबी, रुंदी, उंची मोजून काढले आणि एका घनमीटरला हजार लिटर असा हिशेब लावला तर तो 'व्हॉल्यूम' आहे. हे सर्व घरच्या भाषेत होऊ द्यायला पालकांना सांगा. इंग्रजी नावे तुम्ही शाळेत द्याल.

यातून सगळे सुटणार नाही हेही लिहायला हवे. साठ मुलांच्या वर्गात प्रत्येकाला बोलायला मिळत नाही, आणि असे शिकवले तर पहिल्या सत्रात धडे मागे राहतील. माझ्या अनुभवात दुसऱ्या सत्रात वेग वाढतो, कारण मुले इंग्रजी परिच्छेद स्वतः वाचू लागतात. पण पहिल्या सत्रात टाचणवही अपुरी दिसली तर त्याची तयारी ठेवा आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांशी आधीच बोलून घ्या. सगळे धडे एकदम या रीतीने घेऊ नका. पहिल्या महिन्यात आठवड्याला एक तास पुरे.

सुरुवात त्याच टॉवेलपासून करा. धडा झाला आहे, व्याख्या पाठ आहे, तरी तो तास पुन्हा घ्या. या वेळी त्या कुजबुजणाऱ्या मुलीच्या गटाला शेवटी बोलायला उभे करा, म्हणजे आधीच्या गटांची वाक्ये तिच्या कानावर पडलेली असतील. ती आधी तेलुगूत बोलली तरी तिला थांबवू नका. मग फळ्यावरचा सांगाडा तिच्यासमोर धरा आणि 'बिकॉज'नंतरची जागा तिला, तिच्या शेजारणीला नव्हे, भरू द्या. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.